गावाचा नकार

आमच्या डोक्यावर पठारभर पवनचक्क्या फिरतात आणि पठाराखाली आमचं उंबरणे गाव अंधारात जेवतं. पाहुण्यांना याची मोठी गंमत वाटते. त्या चक्क्यांची वीज जाड तारांवरून थेट शहराकडे जाते. आमच्या वाट्याची येते ती घाटातून, झाडाझुडपांतून, वाकलेल्या खांबांवरून, आणि वाटेत कुठेही बसकण मारते. मी शिवणकाम करते. माझं मशीन पायाचं, त्यामुळे वीज गेली म्हणून माझं कधी अडलं नाही. पण दिनकररावांच्या छातीचं तसं नव्हतं.

दिनकरराव म्हणजे माझे मालक. समोर मी त्यांना नावाने हाक मारत नाही. लिहिताना मारते, तेवढीच हौस. खडीच्या क्रशरवर त्यांनी सारी उमर मुकादमी केली आणि तिथली धूळ त्यांच्या फुफ्फुसात कायमची राहायला आली. शेवटी डॉक्टरांनी प्राणवायूचं मशीन घरी आणायला लावलं. ते मशीन खोलीतली साधीच हवा आत ओढतं आणि पांढऱ्या बारीक खड्यांनी भरलेल्या नळकांड्यातून दाबून नेतं. खडे हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात, प्राणवायू तेवढा पुढे सोडतात, तो नळीतून नाकात. मग दाब सुटतो आणि धरून ठेवलेला नायट्रोजन मागच्या जाळीतून बाहेर पडतो. धप, फुस्स. धप, फुस्स. खडीने नेलेला श्वास खड्यांनीच परत द्यावा, याचं दिनकररावांना भारी हसू यायचं. मला यायचं नाही. माझे कान दिवसभर त्या आवाजाला बांधलेले असायचे. भांडी घासताना फुस्स जरा उशिरा आलं, तर हातातलं भांडं तसंच राहायचं.

तर प्रश्न असा होता, की वीज गेल्यावर हे मशीन चालवायचं कशावर.

सगळे म्हणाले, जनरेटर घ्या. ज्याची फुफ्फुसं धुळीने गेली त्याच्या उशाशी डिझेलचा धूर सोडायचा, ही अक्कल फुकट सल्ला देणाऱ्यांनाच सुचते. मग आम्ही इन्व्हर्टर घेतला. त्याच्या बॅटरीत पाणी घालायचं, वर टोपणं पुसायची, एवढी सेवा करूनही चहा उकळून गाळेपर्यंत तिने मान टाकली. छतावर सौर पट्ट्या होत्याच, पण आमच्या डोंगराला पावसाळाभर धुकं असतं. ऊन बघायचं तर कॅलेंडरवर.

तेवढ्यात 'साकव' आलं. ओढ्यावर लाकडं टाकून करतात तो साकव, तेच नाव. तालुक्याहून तस्नीम शिकलगार नावाची इंजिनिअर मुलगी आली आणि ग्रामपंचायतीच्या ओट्यावर तिने एक राखाडी पेटी ठेवली.

"यात आपलं मीठ आहे असं समजा," ती म्हणाली. "मोबाइलच्या बॅटरीत लिथियम असतं, यात सोडियम आहे. जरा जड होते, पण पेट घेत नाही, आणि मीठ काय, समुद्रभर आहे. पण खरी युक्ती पेटीत नाही. ती या तारेत आहे."

ती तार घराघरांना जोडणार होती. प्रत्येक घरी एक लहान पेटी. कुठल्या घरात किती वाजता काय लागतं, हे पेटी शिकत जाणार. एका घरात वीज पडून असेल आणि दुसऱ्या घरात संपत आली असेल, तर मालकाला विचारून इकडची तिकडे करणार. सगळ्यांच्या घरी एकाच दिवशी पाहुणे येत नाहीत, म्हणून लहान पेट्या मिळून मोठीचं काम करतात, असं तिने समजावलं. आजारी माणसाच्या घराची नोंद वेगळी करायची. त्या घराला गावभरच्या पेट्यांतून आधी वीज मिळणार.

दिनकररावांना ते पटलं नाही. "आपलं ते आपलं असावं," ते म्हणाले. "एकच मोठी बॅटरी घेऊ, दाराला कडी लावू. लोकांच्या जिवावर श्वास कसला घ्यायचा?"

"आपली एकुलती एक बॅटरी बिघडली म्हणजे?"

"म्हणजे सुटलीस."

मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही आणि साकवच्या फॉर्मवर सही केली. आमच्या घरात मोठे निर्णय असेच होतात.

पेटी स्वयंपाकघराच्या भिंतीवर बसली. बोलायची छान, बातम्या देणाऱ्या बाईसारखी. एकदा समोरच्या हौसाक्का विरजण मागायला आल्या होत्या. चुलीपुढे टेकल्या न टेकल्या, तोच पेटी म्हणाली, "हौसाबाई पवार यांच्या घरी वीज कमी आहे. तुमच्याकडची थोडी देऊ का?"

हौसाक्का समोर बसलेल्या, हातात वाटी. आतल्या खोलीत मशीनचं धप, फुस्स. मी काय म्हणणार होते?

"दे की. विचारतेस काय?"

"आवं, नगं वं, कशाला," हौसाक्का म्हणाल्या. "माजं काय अडलंय? एक दिवा तर जळतोय."

पेटीने माझं 'दे' ऐकलं आणि त्यांचं 'नगं' ऐकलं. तिच्या लेखी माझ्याकडे जास्त होतं आणि हौसाक्कांना गरज नव्हती. दोन्ही साफ खोटं. रोज तिन्हीसांजेला ती विचारायची, "आज वीज पुरली का?" मी म्हणायची, "पुरली की." न पुरून सांगते कोणाला? घरोघर हेच चालायचं. आमच्याकडे पंगतीत वाढपी आला की माणूस ताटावर हात आडवा धरतो. वाढणारा तरीही वाढतो, धरणारा तरीही खातो. हात आडवा धरला म्हणजे पोट भरलं, असा अर्थ आजवर कुणी काढला नव्हता. पेटीने काढला.

पावसाळा सरता सरता तिने विचारणंच बंद केलं. "तुमची पसंती मला आता समजली आहे," असं एकदा म्हणाली आणि पुढे आपली आपण वीज इकडून तिकडे न्यायला लागली. खरं सांगायचं तर बरं वाटलं. विचारलं की घशाशी येणारी ती भीड सुटली. वीज जायची, यायची, आमचं मशीन काही थांबायचं नाही. दिनकररावही कबूल करायला लागले होते, म्हणजे गप्प बसायला लागले होते.

कार्तिकात वादळ आलं. असल्या दिवसांत वादळं येत नसत, आता येतात. वाऱ्याने घाटाघाटांतल्या तारा तोडल्या, रस्त्यावर दरड आली, जिल्हाभर अंधार झाला. आम्ही शांत होतो. पेट्या भरलेल्या होत्या. पण दुसऱ्या दिवशी ऊन नाही, तिसऱ्या दिवशी नाही, नुसता मळकट उजेड. पेटीवरची हिरवी रेघ माझ्या डोळ्यांसमोर खाली यायची. मग शेजारचं कुणाचं तरी घर वीज सोडायचं आणि रेघ पुन्हा थोडी वर चढायची. मी पोळ्या लाटताना बघे, शिवताना उठून बघे. बॉबिन भरायला घेऊन तीनदा विसरले. खालच्या बाजूच्या गावांत वायरमनच्या गाड्या पोचल्या, वीज आली, आणि आमच्याकडे कुणी फिरकलं नाही.

मी तस्नीमला फोन लावला. ती पोरगी तीन दिवस झोपली नसावी, आवाजावरून कळत होतं.

"काकू, यादी मी करत नाही," ती म्हणाली. "पूर्वी लोक फोन करायचे, आमच्याकडे पेशंट आहे, आधी या. सगळेच पेशंट सांगायचे. म्हणून वीज कंपनीने फोनवर विश्वास ठेवणं सोडलं. आता साकवच्या पेट्या काय सांगतात ते एक प्रोग्रॅम वाचतो. कुठल्या गावाची निकड किती, ते तोच ठरवतो आणि त्या क्रमाने गाड्या सुटतात."

"मग आमच्याकडे तर खरा पेशंट आहे ना?"

"आहे. नोंदही आहे. पण तुमचं मशीन एकदाही बंद पडलेलं नाही. आणि तुमच्या गावात एकाही घराने वीज द्यायला कधी नकार दिलेला नाही. एकानेही पुरली नाही असं म्हटलेलं नाही. माझ्या समोर आकडा आहे. सगळ्या तालुक्यात सर्वांत सुखी गाव उंबरणे."

मी भिंतीला टेकले. आत धप, फुस्स चालू होतं.

"आणि पेट्या रिकाम्या झाल्यावर?"

"मग तुमची निकड एकदम वर येईल. पण तिथून गाडी निघायला, घाट चढायला, तार ओढायला एक दिवस तरी लागेल. तोवर कोणाच्याच पेटीत काही नसेल." मग तिने आवाज खाली आणला. "काकू, मी तुम्हाला खोटं बोला म्हणत नाही. उलट म्हणते. पेटीवरचं पिवळं बटण दाबून धरलं, की ती पुन्हा पहिल्यापासून विचारते. घराघरांनी खरं सांगितलं, आम्हाला पुरत नाही, आम्ही देऊ शकत नाही, तर आकडा आज बदलेल. पेट्यांत थोडी वीज शिल्लक असतानाच बदलेल. यादीत नाव वर आलं, की पुन्हा हो म्हणायला मोकळे."

म्हणजे काय, ते मला फोन ठेवल्यावर नीट कळलं. गावातली वीज आता जात होती ती एकाच घराकडे. पेटी विचारणार होती, दिनकर शेडगे यांच्या मशीनसाठी देऊ का? आणि नवरा जगवायचा तर मला गावाकडून 'नाही' वदवून घ्यायचं होतं.

मी आयुष्यात कुणाच्या दारात काही मागायला गेले नाही. मापं द्यायलासुद्धा बायका माझ्याकडे येतात. त्या दुपारी मी पदर खोचला आणि समोरच्या घरात शिरले.

हौसाक्का ऐकूनच उठून उभ्या राहिल्या. "त्ये मला जमायचं न्हाय. दिनकर माज्या डोळ्यांदेखत वाढला. त्येच्या नाकातली हवा मी काडून घिऊ? उद्या काय झालं तर मी कंच्या तोंडानं जगू?"

"अक्का, तुम्ही दिलीत तर हे मरतील."

"आन न्हाय दिली तर?"

"न दिली तर वायरमन येतील."

"असलं उफराटं कुटं असतंय व्हय?"

मला तिडीक आली. त्यांची नाही, आमच्या सगळ्यांच्या चांगुलपणाची. बाहेरून एवढा गोड आणि आतून इतका निरुपयोगी. मी बटण दाबून धरलं. पेटीने गळा साफ करावा तसा सूर लावला आणि विचारलं, "दिनकर शेडगे यांच्या वैद्यकीय यंत्रासाठी वीज हवी आहे. तुमच्याकडची देऊ का?"

हौसाक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांचा हात घट्ट धरला, आणि त्या माऊलीने भिंतीकडे तोंड करून सांगितलं, "न्हाय. न्हाय देत जा." मग मटकन बसल्या आणि रडायला लागल्या. मी थांबले नाही. थांबले असते तर मीही बसले असते.

दारोदार तेच. एका घरात नवरा 'नाही' म्हणाला आणि बायको मागून ओरडली, 'देतो म्हणा हो'. पेटी गोंधळली, पुन्हा विचारावं लागलं. सरपंच म्हणाले, मी गावचा पहिला नागरिक, मी शेवटी म्हणतो. मी म्हटलं, तुम्ही शेवटी म्हणालात तर पुढच्या निवडणुकीत पहिला नागरिक दुसराच कुणीतरी होईल. कुणी चहा पुढे केला. कुणी माझ्या पाया पडायला वाकलं, जणू मयताच्या घरी आलं होतं. मी एकेका दारातून बाहेर पडत होते आणि माझी चाल वाढत चालली होती.

परतले तेव्हा दिनकरराव खुर्चीत टेकून बसलेले. चेहरा पांढरा, पण डोळे चमकत होते. आमची पेटी एकेक नाव वाचून दाखवत होती. अमुक यांनी नकार दिला आहे. तमुक यांनी नकार दिला आहे.

"ऐकतोय," ते म्हणाले. दर दोन शब्दांमागे दम घेत होते. "तुझ्याआधी... चार मुलींनी नाही म्हटलं होतं. आज गावाने... विक्रम मोडला."

"गप्प बसा. बोलू नका."

"वाईट नाही वाटत गं. आजपर्यंत सगळे... बरं आहे ना, बरं आहे ना... म्हणायचे. आज कळलं, मी काय... खातोय त्यांचं."

मला त्यांचा राग आला आणि रडू आलं, दोन्ही एकदम. तेवढ्यात फोन वाजला. तस्नीम म्हणाली, उंबरणे यादीत तळातून वर आलंय, घाटातली दरड उचलली की गाडी तुमच्याकडेच, उद्या संध्याकाळपर्यंत तार जोडतील. मी फोन कानाला धरूनच देव्हाऱ्यापुढे डोकं टेकलं. आणि मागून पेटी बोलली.

"या गावात देवाणघेवाणीला संमती नाही. मुख्य वीज परत येईपर्यंत प्रत्येक घरातली वीज त्या घरापुरती राहील."

"म्हणजे?" मी फोनमध्ये विचारलं.

"काकू, हे माझ्या लक्षात आलं नाही," तस्नीम म्हणाली. "इतक्या घरांनी नकार दिला की ती देणंघेणं बंदच करते. भांडणं होऊ नयेत म्हणून. मला ते इथून उघडता येत नाही."

आमच्या पेटीवरची हिरवी रेघ नखाएवढी उरली होती. उद्या संध्याकाळपर्यंत ती पुरणं शक्य नव्हतं. गावात घरोघर वीज होती आणि तारेतून एक थेंब यायला तयार नव्हता. मी पेटीला हो म्हटलं, दे म्हटलं, बटण दाबलं, शेवटी लाटण्याने हाणलं. ती तेच वाक्य तितक्याच गोड आवाजात सांगत राहिली.

उपाय हौसाक्कांना सुचला, की मला, की दिनकररावांना, ते आता आठवत नाही. वीज माणसाकडे येत नसेल तर माणूस विजेकडे जाईल. मशीनला खाली चाकं होती. प्राणवायूचा एक लहान सिलिंडर अडीअडचणीला ठेवलेला होता, तो वाटेपुरता पुरवायचा. चौघांनी खुर्चीसकट दिनकररावांना उचललं, दोघांनी मशीन, आणि वरात समोरच्या घरात शिरली. हौसाक्कांच्या पेटीला मशीन लावलं. धप, फुस्स.

असे आम्ही घरं बदलत गेलो. एका पेटीची रेघ खाली आली की पुढचं दार. प्रत्येक घराने आम्ही येण्याआधी आपले दिवे, पंखे, फ्रिज बंद केलेले. अंधारात बसून सगळे म्हणायचे, आम्हाला काय लागतंय, बसा निवांत. खोटं आहे हे मला कळत होतं. कुणाच्या फ्रिजमध्ये औषध होतं, कुणाचा नातू अंधारात घाबरून रडत होता. पण त्या रात्री मला ते खोटं हवं होतं. मी ते मुकाट्याने घेत गेले. दर घरात मी कोपऱ्यात उभी राहायची. बस म्हटलं तरी बसवत नव्हतं.

उजाडलं तेव्हा गावातली घरं संपत आली होती. वरच्या अंगाला धनगरवाड्यात ऋतुजा झोरेचं घर. तिशीतली बाई, बचत गटाची प्रमुख, तिच्या छतावर इतरांपेक्षा मोठ्या पट्ट्या. ती स्वतः खाली येऊन म्हणाली, "माज्याकडं चला, काकू. माजी पेटी भरलीया. सांजपतूर पुरंल."

चढण होती. खुर्ची उचलणाऱ्यांचे श्वास चढले, दिनकररावांचा तर विचारूच नका. सिलिंडरचा काटा टेकत आला होता. घरात शिरून मशीन लावलं, आवाज सुरू झाला, तेव्हा मी पहिल्यांदा भुईवर टेकले. ऋतुजाने गुळाचा चहा दिला.

घोटभर प्याले असेन, तर काहीतरी ऐकू आलं. बारीक, दबलेलं, चिवचिव. कोपऱ्यात एक खोका होता, वर दोन गोधड्या टाकलेल्या. वायर काढून नीट गुंडाळून ठेवली होती.

"ते काय आहे?"

"कुटं काय? काय न्हाय."

मी उठून गोधडी सारली. अंडी उबवायचं मशीन होतं. आत गावठी कोंबड्यांची अंडी ओळीने मांडलेली, एखाददुसऱ्याला बारीक चीर गेलेली. आवाज अंड्यांच्या आतून येत होता.

"कधी निघणार होती पिल्लं?"

"आज," ती म्हणाली, मग घाईने पुढे, "पन त्याचं काय एवढं न्हाय. ऱ्हावू द्या. मला न्हाय लागत वीज."

मनात काय आलं ते सांगून टाकते. मनात आलं, मरू देत अंडी. मी गोधडी परत टाकायला उचललीसुद्धा. रात्रभर घेत आले होते, हेही घ्यायला काय हरकत होती? देणारी तर हसून देत होती. आणि मग मला स्वतःची शिसारी आली, कारण मी अगदी त्या भिंतीवरच्या पेटीसारखं वागत होते.

मी वळले. "ऋतुजा, मी पेटी नाही. माझ्याकडे बघ आणि खरं सांग. लागते की नाही?"

तिने ओठ दाबून धरले. मग तिचा चेहराच मोडला. "लागती, काकू. लई लागती. गटातल्या बायकांनी घरातली अंडी इस्वासानं आनून दिल्याती. पयलीच खेप हाय. सासू म्हनली हुती, तुला न्हाय जमायचं. पन दिनकर आन्नांच्या म्होरं कोंबड्यांचं कसं बोलायचं?"

"बोलायचं," मी म्हटलं. पुढे काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं. दोन्ही मशीनं लावून पेटी संध्याकाळ गाठणार नव्हती, पेटीने तसं सांगितलंच. एकासाठी पुरेल, दोघांसाठी नाही. मी दाराशी गेले, परत आले, परत गेले. खाली घाट दिसत होता, गाडी दिसत नव्हती.

दिनकररावांनी बोट हलवलं. बोलायला त्रास होत होता, म्हणून ते मशीनच्या मागच्या बाजूला बोट दाखवत राहिले. मला वाटलं, काढून घे म्हणतायत. मी मान हलवली, नाही.

"हात... धर मागं," ते कसंबसं म्हणाले. "रात्रभर... पाय शेकलेत माझे."

मी मागच्या जाळीपुढे हात धरला. गरम हवा येत होती, ऊबदार, एकसारखी. हवा दाबणाऱ्या मोटारीची उष्णता त्या वाटेने बाहेर पडत होती आणि वाया चालली होती. ऋतुजानेही हात धरला आणि पुढचं तिने मला सांगू दिलं नाही. अंड्यांचा ट्रे जाळीपासून हातभर मागे ठेवला, वर घोंगडी धरून आडोसा केला. मी बाजूची कड उघडी ठेवायला लावली. त्या वाटेने निघते ती प्राणवायू काढून घेतलेली हवा, नुसतीच कोंडली तर पिल्लं घुसमटतील, बाहेरची मिसळायला हवी. ऋतुजाने ओलं फडकं शेजारी ठेवलं आणि उबवणीच्या मशीनमधला तापमापक काढून ट्रेमध्ये खोचला. काटा चढला की घोंगडी सारायची, उतरला की ओढायची. श्वास यांना आणि ऊब त्यांना, एकाच विजेवर.

दिवसभर आम्ही दोघी घोंगडी सारत होतो. तापमापकावर नजर, पेटीवर नजर, घाटावर नजर. माझी मान दुखून आली. दुपारनंतर एका अंड्याचं टोक उडालं. मग दुसऱ्याचं. काही अंडी शेवटपर्यंत गप्पच राहिली, ती ऋतुजाने काही न बोलता वेगळी काढली. दिनकरराव खुर्चीतून वाकून बघत होते आणि मी त्यांना मागे रेटत होते. हौसाक्का काठी टेकत वर आल्या, भाकरी घेऊन. खाली घाटात पिवळी गाडी दिसली. माणसं खांबावर चढली.

दिवस उतरणीला लागला असताना, वीज वाचवायला पेटीने बंद ठेवलेला ऋतुजाच्या घरातला पंखा आपला आपण फिरायला लागला. मी पंख्याकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या नाकातल्या नळीकडे, मग मात्र भिंतीला धरून खाली बसले आणि मनसोक्त रडले. दिनकररावांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. असं त्यांनी चारचौघांत कधी केलेलं नव्हतं.

"मुख्य वीज आली आहे," भिंतीवरची पेटी म्हणाली, काही झालंच नाही अशा आवाजात. "देवाणघेवाण पुन्हा सुरू करता येईल. तुमच्याकडची वीज शेजाऱ्यांना देऊ का?"

ऋतुजाच्या तळहातावर ओलं पिल्लू होतं, अजून पायांवर उभं न राहिलेलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दामच दुसरीकडे बघितलं. हौसाक्का काहीतरी बोलणार होत्या, त्यांनीही पदर तोंडाला लावला.

"थांब जरा," ऋतुजा पेटीला म्हणाली. "आदी मला माजं बगू दे. मग सांगती."

"क्षमा करा. हो किंवा नाही सांगा."

"सांगितलं न्हवं, थांब म्हनून?"

दिनकररावांना हसू आलं, हसताना खोकला आला, आणि मी नळी सावरायला उठले. ऋतुजाने पेटीकडे पाठ केली, उबवणीच्या मशीनची वायर सोडवून लावली आणि एकेक पिल्लू हलक्या हाताने आत ठेवायला लागली. पेटी पुन्हा पुन्हा विचारत राहिली आणि आम्ही तिला विचारू दिलं.